तीन बोटांचं माप

२ जून

माझ्या मुंगीला,

आजीचे टोपलीभर आशीर्वाद.

पोस्टमनने आज दारातूनच हाक मारली, "आजी, सरकारी पाकीट!" म्हटलं, आता हे काय नवीन? फोडून बघते तर आत तू! ऑफिसचं पाकीट वापरलंस होय गं? नोकरी लागून महिना नाही झाला आणि सरकारचं पाकीट ढापलंस. पुढे फार मोठी साहेबीण होशील.

मासेमारीच्या ऑफिसात नात लागली, हे तुझ्या काकूने गल्लीभर सांगितलं. तिच्या आधी मी सांगून आले होते, म्हणून ती फुगली आहे. फुगू दे. रात्री जेवणापर्यंत उतरेल.

तू म्हणतेस फोन नको, पत्र लिही. बरोबर आहे तुझं. फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि मी नुसती हं हं करते. मागे तू तापाने पडलीस म्हणून सांगितलंस तर मी म्हटलं, छान झालं. पण माझं अक्षर बघून हसू नकोस. मी दुसरीत शाळा सोडली. डावखुरी होते ना, मास्तर डाव्या हातावर पट्टी मारायचे. उजव्या हाताने लिहिलं की अक्षर पळायचं आणि डाव्याने लिहिलं की मास्तर यायचे. शेवटी आई म्हणाली, राहू दे, घरी बस. एका पट्टीने शाळा सुटली आणि लग्न झाल्यावर तुझ्या आजोबांनी दिलेल्या विणायच्या पट्टीने हाताला काम मिळालं. जाळं विणताना कुठला हात डावा आणि कुठला उजवा हे कोण विचारतंय?

सध्या होड्या वर ओढून ठेवल्यात. मासा अंड्यावर असतो म्हणून दोन महिने बंदी, हे मी तुला काय सांगणार, आता तूच आम्हाला सांगायची. मी काकासाठी नवं जाळं विणते आहे. जुन्याला एवढी ठिगळं झाली की जाळं कमी आणि ठिगळंच जास्त. बंदी उठली की पहिल्याच दिवशी नवं जाळं पाण्यात पडलं पाहिजे.

पण खरं सांगू? मासाच राहिला नाही गं. आजोबांच्या वेळी एकेक मासा असा यायचा की शेपूट टोपलीबाहेर. आता सगळं बोटाएवढं. दर वर्षी आणखी बारीक. मोठ्या बोटीवाले बारीक जाळी टाकून पिल्लंसुद्धा खरवडून नेतात. पकड त्यांना! कान धरून पकड! तुझ्या आजोबांचा आत्मा थंड होईल.

जेवतेस ना वेळेवर?

तुझी आजी


१४ जून

प्रिय आजी,

पाकीट ढापलं नव्हतं, बाईसाहेब. रद्दीत टाकलेलं होतं.

माझं काम ऐकून तू हसशील. मी जाळी मोजते. आमच्याकडे एक स्टीलची पाचर असते, एका टोकाला निमुळती, त्यावर खुणा. जाळ्याच्या भोकात घालायची आणि कुठपर्यंत जाते ते बघायचं. खुणेपर्यंत गेली तर जाळं कायद्यातलं. अलीकडेच अडकली तर जप्त. ऑफिसच्या मागे जप्त जाळ्यांचा ढीग माझ्या डोक्याच्या वर गेला आहे. तुझ्यासारख्या कुणीतरी बसून विणलेली असणार ती, असं रोज मनात येतं.

आमच्या मॅडम कडक आहेत, पण मनाने वाईट नाहीत. बंदी उठल्यावर आम्ही किनाऱ्या-किनाऱ्याने फिरणार आहोत. आपल्याकडेही येऊ. मी मॅडमना सांगून टाकलं, ते माझं घर आहे, तिथे मला पाठवू नका. त्या म्हणाल्या, "मग आधी तुझंच घर. नाहीतर लोक म्हणतील, हिने आपलं झाकलं."

काकाला सांगून ठेव.

तुझी मुंगी


२५ जून

माझ्या मुंगीला,

काकाला काय सांगायचं? मी सगळ्या किनाऱ्याला सांगितलं! आमची नात गाडीतून उतरणार, हातात स्टीलचं माप घेऊन! बर्फवाली म्हणाली, "येऊ दे, पण आपल्या माणसाचं जाळं डोळे मिटूनच मोजेल." मी म्हटलं, अगं ये, सगळ्यांच्या आधी आमचं मोजायला लावते, आणि डोळे फाडून मोजायला लावते. ती तोंडात बोट घालून बसली. म्हणजे गप्प बसली नाही, ती कधी गप्प बसत नाही, पण विषय बदलला.

तुझ्या मॅडमना सांग, आमच्याकडे माप शिकायला या. जाळ्याच्या एकेका भोकाला आपण आस म्हणतो, ते तरी माहीत आहे का त्यांना? आमची आस बरोबर तीन बोटं. ही गोष्ट मी तुला लहानपणी सांगितली असेल, पण तेव्हा तू निम्म्यात झोपायचीस, म्हणून परत सांगते.

लग्नाला दोन महिने झाले होते. मला सासरी काही येत नव्हतं, मासा कापताना बोट कापायचं. सासूबाई म्हणाल्या, ही कशाला आणली? त्या दिवशी आजोबांनी मोडक्या वल्ह्याचा तुकडा घेतला आणि म्हणाले, हात पुढे कर. मी डावा केला. वाटलं, हेही मारणार. त्यांनी माझी मधली तीन बोटं जुळवून लाकडावर ठेवली, कोळशाने रेघ ओढली आणि त्या मापाची पट्टी तासली. म्हणाले, "हिच्यावर धागा गुंडाळून गाठ मारत जा. तीन बोटांत जो राहतो तो आपला. जो निसटतो तो पुढच्या वर्षाचा." मग रोज संध्याकाळी समोर बसून शिकवलं. ते उजव्या हाताने आणि मी डाव्या, म्हणजे आरशात बघून विणल्यासारखं. सासूबाई कपाळाला हात लावायच्या.

तीच पट्टी अजून माझ्या हातात आहे. त्याला सेहेचाळीस वर्षं झाली आणि त्यांना जाऊन अकरा. काकू म्हणते, प्लास्टिकची आणू. मी म्हटलं, तू तुझ्या नवऱ्याला प्लास्टिकचा आण. जिवापाड जपते मी ती पट्टी. धाग्याने कडेला खाचा पडतात ना, मग गाठ अडकते. म्हणून दर वर्षी बंदीच्या दिवसांत काचपेपरने घासून, खाचा काढून, तेल लावून गुळगुळीत करते. परवाच केली. हाताला लोण्यासारखी लागते. इथल्या अकरा घरांतल्या बायकांनी आपापल्या पट्ट्या हिच्यावरूनच करून घेतल्यात. सगळ्या किनाऱ्याचं माप म्हणजे तुझ्या आजोबांनी धरलेली माझी तीन बोटं. सांग मॅडमना.

नवं जाळं निम्मं झालं. ये लवकर.

तुझी आजी


९ ऑगस्ट

प्रिय आजी,

परवा जाळी मोजायला आले तेव्हा तू मला चहासुद्धा विचारला नाहीस. मी रागावले नाही. मीच तुझ्या जागी असते तर मला दारातसुद्धा उभं केलं नसतं.

पाचर मी तीन वेळा घातली. वेगवेगळ्या ठिकाणी. मॅडमनी सांगितलं नव्हतं, मीच घातली, एखाद्या तरी आसेत बसेल म्हणून. खुणेच्या कितीतरी अलीकडे अडकत होती. बाकीच्या होड्या बाहेर गेल्या होत्या, मोजायला एवढंच जाळं किनाऱ्यावर होतं. काकाने नवं जाळं स्वतः गुंडाळून गाडीत ठेवलं आणि म्हणाला, "साहेब, नीट ठेवा, आईच्या हातचं आहे." मला साहेब म्हणाला, आजी.

आता नीट ऐक. चोवीस तारखेला मॅडमसमोर सुनावणी आहे. जाळं मुद्दाम बारीक विणलं असं ठरलं तर काकाच्या होडीचा परवाना हंगामभर बंद. चुकून झालं असं दाखवता आलं तर फक्त जाळं जाईल, होडी चालू राहील. म्हणून विचारते, आणि रागावू नकोस. मासा मिळत नाही म्हणून काकासाठी तू या वेळी दुसरी पट्टी वापरलीस का? वापरली असलीस तर मला समजेल. फक्त मला खरं सांग.

मुंगी


१३ ऑगस्ट

पत्र मिळालं.

चहा विचारला नाही कारण चूल विझली होती. खरं सांगायचं तर विझली नव्हती.

दुसरी पट्टी! माझ्या हाताने दुसरी पट्टी कधी धरलीच नाही. मी पिल्लं पकडणारी? तू लहान असताना जाळ्यात चुकून आलेलं बारीक पोर तुझ्याच ओंजळीत देऊन पाण्यात सोडायला लावायची ती मी. विसरलीस? शेवाळावरून घसरून पडलीस आणि तरी हात वर धरलेला, मासा सोडला नाहीस. मग पाण्यात बसून सोडलास. तुला मी हे शिकवलं आणि तू मला विचारतेस?

तुझी स्टीलची पाचरच खोटी असेल. कारखान्यात केलेली. कुणाच्या बोटांवरून केली आहे का?

बर्फवाली आली होती. मला वाटलं टोमणा मारेल. काही बोलली नाही, नुसती बसली आणि जाताना बर्फाचा तुकडा ठेवून गेली, माझं डोकं दुखतंय म्हणून. तिचं न बोलणंच जास्त लागलं.

काका दुसऱ्यांच्या होडीवर ओढायला जातो. स्वतःची होडी असून. त्याचे वडील असते तर.

पुढे लिहवत नाही.

आजी


१६ ऑगस्ट

प्रिय आजी,

मासा आठवतो. आजी, तो आठवतो म्हणून तर हे लिहिते.

लहानपणी मी कोंबड्यांच्या खुराड्याबाहेर बसून त्याच्या जाळीतून आख्खी मूठ आत घालायची, अंडं घ्यायला. अंडं मुठीत असलं तरी हात बाहेर यायचा. ती जाळी म्हणजे तुझं पहिलं जाळं, तूच सांगितलं होतंस. आजोबांनी ते टाकू दिलं नव्हतं, फाटल्यावर खुराड्याला बांधलं.

त्या दिवशी तुझ्या नव्या जाळ्याच्या आसेत माझी तीन बोटंसुद्धा नीट गेली नाहीत. मोठी झाले हे खरं, पण एवढी नाही.

माझ्यासाठी एकच कर. पट्टी घे आणि खुराड्याच्या जाळीत घालून बघ. मग लिही. मग मला शिव्या घाल.

मुंगी


१९ ऑगस्ट

माझ्या मुंगीला,

बस आधी. मी बसूनच लिहिते आहे.

तुझं पत्र वाचून मला आणखी राग आला. म्हटलं, हिला दाखवतेच. सकाळी पट्टी घेऊन खुराड्याकडे गेले. वरची कड सोडून आतल्या बाजूची, उन्हापावसात न आलेली आस शोधली. पट्टी टोकाकडून घातली. वाटलं, घट्ट बसेल. ती गेली. सरळ आत गेली, कुठे लागलीसुद्धा नाही, आणि पलीकडे लंगड्या कोंबडीच्या पाठीवर पडली. कोंबडी ओरडली.

दुसऱ्या आसेत घातली. पडली. तिसऱ्या आसेत घातली. काकू आली आणि म्हणाली, "आई, काय खेळ चाललाय?" मी तिला म्हटलं, तू घालून बघ. तिच्याही हातून पडली.

मग मी माझी तीन बोटं जुळवून पट्टीवर ठेवली. बरोबर बसली. हेच तर मी दर वर्षी बघायची, बोटं बसतात म्हणजे माप ठीक. पण मुंगे, माझी अंगठी आता धागा गुंडाळल्याशिवाय बोटात राहत नाही. बोटंही झिजली आणि पट्टीही झिजली, दोघी बरोबरीने. एकीला विचारलं की दुसरीच साक्ष द्यायची. चोराच्या वाटा चोराला ठाऊक म्हणतात, इथे तर चोरालाच ठाऊक नव्हतं.

आणि घासली कुणी? मीच. दर वर्षी, प्रेमाने, काचपेपरने, तेल लावून.

एखादं माणूस गेलं आणि त्याची वस्तू रोज हातात राहिली, की वाटतं ती तशीच्या तशी आहे. रोज बघतो म्हणून दिसत नाही. त्यांचा फोटो तरी पिवळा पडतो. पट्टी आणखीच छान दिसत गेली गं.

मी बर्फवालीकडे गेले. तिची पट्टी तीस वर्षांपूर्वी माझ्यावरून केलेली, हात दुखतात म्हणून तिने वापरलीच नाही, पेटीत पडून. काकूची पंधरा वर्षांपूर्वीची, तिच्या लग्नातली, तीही नवीच, कारण तुझ्या काकूला विणायचा कंटाळा. आणि माझी. तिन्ही शेजारी ठेवल्या तर जिन्याच्या पायऱ्या! उतरत उतरत खाली. बर्फवाली म्हणाली, "म्हणजे मासा बारीक झाला म्हणून आपण रडत होतो..." मोठ्या बोटीवाले खरवडतात ते खोटं नाही. पण पुढच्या वर्षाचा मासा आम्हीही दर वर्षी थोडा थोडा खाल्ला.

आता पेच सांगते. मी चोवीसला येऊन हे सगळं सांगितलं, तर काकाची होडी वाचेल. पण पट्टी दाखवली की तुझ्या मॅडम विचारणार, हिच्यावरून आणखी कुणी केल्या? मग अकरा घरं उघडी पडतात. काका म्हणाला, "आई, माझं मी बघतो, होडी हंगामभर राहू दे वर. तू त्यांच्या चुलीत पाणी ओतू नकोस." बापाचाच मुलगा आहे.

मी अकरा जणींना अंगणात बोलावलं. खुराडं मध्ये ठेवलं आणि म्हटलं, घाला आपापल्या पट्ट्या. नऊ जणींच्या पडल्या. भांडण झालं, खोटं कशाला सांगू. एक म्हणाली, "तुझ्या नातीने आग लावली." एक म्हणाली, "आजीने गप्प बसावं, हंगाम संपू दे, मग बघू." मी म्हटलं, गप्प बसते. पण मग उद्या विणायला बसलात की कुठल्या हाताने बसाल ते सांगा. शेवटी बर्फवालीच उठली. म्हणाली, "मी येते हिच्याबरोबर. ही एकटी गेली तर बसमध्ये सगळ्यांना नात-नात करून भंडावेल."

तर आम्ही येतोय. खुराड्याची जाळी सोडवून घेतली आहे. कोंबड्या घरभर.

तुला विचारलं नाही चहाचं, ते मनात ठेवू नकोस. आता आले की तूच पाज.

आजी


२७ ऑगस्ट

प्रिय आजी,

तू गेल्यापासून ऑफिसात दुसरा विषय नाही. शिपाईदादा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, एक आजी टेबलावर कोंबडीचं पीस लागलेली जाळी पसरून म्हणाली, "घाला तुमची पाचर, आता घाला." आणि पाचर खुणेच्या पुढे जाऊन खळकन टेबलावर पडली, तेव्हा तू मॅडमकडे अशी बघत होतीस जणू त्याच परीक्षेला बसल्या होत्या.

निकाल लेखी येईल, पण मॅडमनी मला लिहायला परवानगी दिली. काकाचा परवाना राहिला. नवं जाळं मात्र परत मिळणार नाही, ते कापलं जाईल. मी खूप सांगून बघितलं. नाही. बाकीच्या घरांना महिन्याची मुदत आहे, जाळी स्वतः उसवून मोठी करून दाखवायची. त्या महिन्यात तिथल्या कुणी बारीक जाळं टाकायचं नाही. म्हणजे महिनाभर सगळ्यांचे हाल, हे मला कळतं.

मॅडमनी पुरावा म्हणून पट्टी ठेवून घ्यायची म्हटलं आणि तू ती छातीशी धरलीस, "ही आमच्या ह्यांची आहे." मग मॅडमनी कागद घेतला, पट्टी त्यावर ठेवून स्वतः पेन्सिल फिरवली आणि फाइलला लावला. तू गेल्यावर मला म्हणाल्या, "आपली पाचरही दर वर्षी तपासायला पाठवायला हवी. शेवटची कधी पाठवली?" कुणालाच आठवेना.

जाळं कापलं जाईल तेव्हा मी तिथे असेन. कोपऱ्यातली एक गाठ मागून घेतली आहे. तुझ्या सगळ्या गाठी डावीकडे मान वळवून बसतात, हे मला आधी कधी दिसलं नव्हतं.

तुझी मुंगी


४ ऑक्टोबर

माझ्या मुंगीला,

आजीचे टोपलीभर आशीर्वाद. टोपली या वेळी जरा रिकामी आहे, पण आशीर्वाद पुरेत.

महिना कठीण गेला. लपवत नाही. उसवायचं काम विणण्यापेक्षा वाईट, नखं गेली. पण अंगणात बारा जणी रोज बसायच्या. जिच्याशी भांडण झालं होतं तीच पहिल्या दिवशी सगळ्यांत आधी आली आणि वर मलाच म्हणाली, "आजी, उशीर केलात." बर्फवाली विणत नाही, नुसती मध्ये बसून गावाच्या भानगडी सांगते, पण तिच्यामुळे हात चालतात. कितीतरी वर्षांनी एवढ्या जणी एकत्र बसलो गं. सासूबाई असताना अशाच बसायचो, त्या मला नावं ठेवायच्या आणि बाकीच्या हसायच्या. तेव्हा रडू यायचं, आता त्याचीही आठवण गोड लागते.

काकाने जुनं ठिगळांचं जाळं उसवून, आस मोठी करून परवा टाकलं. सकाळी होडी लागली तेव्हा मी किनाऱ्यावरच होते. टोपली अर्धीसुद्धा नव्हती. तरी काका हसायला लागला. म्हणाला, "आई, जाळं वर ओढताना बारकी सगळी निसटून जाताना दिसत होती. चांदीचा पाऊस उलटा पडल्यासारखी." मी विचारलं, वाईट वाटलं का? म्हणाला, "वाटलं. पण बाबांचं वाक्य आठवलं. पुढच्या वर्षाचा." त्याला ते मी नाही शिकवलेलं, त्यांनी स्वतः सांगितलं असणार, होडीवर, माझ्यामागे.

पुढचं वर्ष कसं येतं ते बघू. येईलच असं नाही. मोठ्या बोटीवाले आहेतच, त्यांच्याकडे जा म्हणावं मॅडमना.

खुराड्याची जाळी आम्ही होड्यांच्या शेडच्या दाराला बांधली आहे. दर वर्षी हंगामाच्या आधी सगळ्यांच्या पट्ट्या तिच्यात घालून बघायच्या, जिची पडेल तिची चुलीत. सगळ्यांनी कबूल केलं. नऊ पट्ट्या चुलीत गेल्या. माझी घालायला हात होईना. मी ती तुझ्या पत्रांच्या गठ्ठ्यात ठेवली आहे, आता तिने बसून वाचावं, खूप काम केलं.

म्हणून एक काम आहे तुला. काका नवी पट्टी तासणार आहे, मोडकं वल्हं काढून ठेवलं आहे. माझी बोटं आता मापाची राहिली नाहीत. तू तुझ्या डाव्या हाताची मधली तीन बोटं जुळवून कागदावर ठेव आणि पेन्सिल फिरवून पाठव. आधी तुझ्या त्या पाचरीशी जुळवून घे, तपासून आलेल्या.

आणि पाकीट स्वतःच्या पैशाने घे. रद्दीतलंसुद्धा नको. आपण आता मापात राहणारी माणसं आहोत.

तुझी आजी